बारा कागदांच्या कडा

३ फेब्रुवारीला आमच्या विहीणबाईंना नऊ हजार सहाशेचा चेक आला. ज्या कॉलेजात त्यांनी अठ्ठावीस वर्षं नोकरी केली, तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. विभागात काम केलेल्या आणि करत असलेल्या बारा जणांना त्या दिवशी एकेक चित्र भेट द्यायचं ठरलं होतं, आणि ती बारा चित्रं विहीणबाईंनी हाताने छापायची होती. एका चित्राचे आठशे, सगळे आगाऊ. कार्यक्रम २८ मार्चला.

"व्याहीबुवा, हा तेवढा भरून टाका," चेक माझ्या हातात देत त्या म्हणाल्या. "शून्यं नीट मोजून घ्या. मला एक जास्त दिसतंय."

विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची आई. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर दीड खोलीत त्या एकट्या राहतात. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी आणि जावई, म्हणजे माझा मुलगा, त्यांना आमच्याकडे राहायला बोलावून थकले. "लेकीच्या सासरी पाहुणी म्हणून गेलेलं बरं," असं त्यांचं म्हणणं. "पाहुणीला चहा तरी आयता मिळतो."

कॉलेजात त्या प्रयोगशाळा सहायक होत्या. मुलं आणि प्राध्यापक रानातून झाडपाला आणायचे. तो वर्तमानपत्रात दाबून वाळवायचा आणि वाळला की जाड कागदावर बसवायचा, हे त्यांचं काम. पान मोडता कामा नये, देठ हलता कामा नये. काडीएवढ्या रुंदीच्या डिंक लावलेल्या कागदी पट्ट्यांनी त्या प्रत्येक फांदी कागदाला बांधायच्या. खाली कोपऱ्यात एक चिठ्ठी. वनस्पतीचं नाव, जागा, तारीख, कुणी आणली, कुणी ओळखली. असे साडेसहा हजार कागद त्यांच्या हातून गेले.

"आणि चिकटवलं कुणी?" मी एकदा विचारलं होतं.

"त्याला चिठ्ठीवर ओळच नव्हती," त्या हसत म्हणाल्या. "डिंकाचं नाव कोण लिहितं?"

निवृत्त झाल्यावर शेजारच्या चित्रकलेच्या मास्तरांकडून त्या लिनोवर, म्हणजे रबरासारख्या मऊ ठोकळ्यावर, चित्र कोरून छापायला शिकल्या. एकाच ठोकळ्यावरून अनेक रंग छापायची जी पद्धत आहे, ती त्यांनी उचलली. मला ती समजायला दोन संध्याकाळी लागल्या. चित्रात जिथे कोरा कागद दिसायला हवा, तेवढा भाग ठोकळ्यावरून कोरून काढायचा आणि सगळ्या कागदांवर सर्वांत फिका रंग छापायचा. मग जो भाग फिका राहायला हवा तो कोरून काढायचा आणि त्याच कागदांवर, त्याच जागी, त्याहून गडद रंग छापायचा. असं करत जायचं. शेवटच्या काळसर रंगापर्यंत ठोकळ्यावर चार रेघा उरतात.

"म्हणजे जे राखायचं तेच काढून टाकायचं?" मी म्हटलं.

"तेच. आणि किती प्रती हव्यात ते पहिल्याच दिवशी ठरवायचं. नंतर एक जरी जास्त हवी म्हटली तरी देवसुद्धा देऊ शकत नाही. ठोकळाच संपलेला असतो."

मी ऑफिसात हिशेबनीस. आमच्यात यंत्राची किंमत वर्षागणिक घटवत शून्यावर आणतात. पण शून्यावर आलं की माल तयार, असं यंत्र मी पहिल्यांदाच पाहिलं.

यंत्र म्हणायचं तर तेही नव्हतं. ठोकळा एका लाकडी फळीवर बसवलेला आणि फळीच्या डाव्या बाजूला व खाली काटकोनात ठोकलेल्या दोन पट्ट्या. ठोकळ्याला रबरी रुळाने शाई लावायची, कागदाची डावी आणि खालची कड त्या पट्ट्यांना टेकवायची, मग कागद अलगद खाली सोडायचा. वरून लाकडी पळीच्या पाठीने अर्धा तास घासायचं आणि कोपरा धरून कागद उचलायचा. दर रंगाला कागद त्याच पट्ट्यांना टेकला तरच पानावर पान बसतं. हे सगळं मी शेजारी बसून चार वेळा तरी पाहिलं होतं. पाहणं आणि कळणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे मला मार्चमध्ये समजलं.

या वेळचं चित्र होतं प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरच्या फांदीचं. पानगळ अर्ध्यावर आलेली, जुनी तांबूस पानं अजून लटकतायत आणि त्यांच्या बगलेत नव्या कोंबांची टोकं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती फांदी मान वर करून पाहिली होती.

चेक भरल्यावर त्यांचं पासबुक द्यायला गेलो, तेव्हा टेबलावर एक वही उघडी होती. पानभर पेन्सिलीने केलेल्या सह्या. एकीखाली एक, तीसेक तरी असतील.

"बँकेत सही जुळत नाही म्हणून सराव चाललाय काय?" मी थट्टेने म्हटलं.

त्यांनी वही मिटली. मग, मी परका नाही असं बहुधा ठरवून, म्हणाल्या, "चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात छापणाऱ्याने सही करायची असते. बारा घरांत भिंतीवर लागणार. त्या लोकांनी माझी सही हजेरीपटाशिवाय कुठे पाहिलेली नाही. वेडीवाकडी नको."

पुढे मी थट्टा केली नाही.

त्यांनी पंधरा कागद घेतले होते. हातकागद, चारी बाजूंनी झालर असल्यासारख्या वेड्यावाकड्या कडा. पहिल्या रंगात एकावर अंगठा उमटला, दुसऱ्या रंगात दोन वाया गेले. नेमके बारा उरले. त्यांच्या मागच्या बाजूला त्यांनी एक ते बारा आकडे घातले. तेवढ्यात त्यांच्या इमारतीत रंगकामाची घासाघीस सुरू झाली आणि घरभर धूळ. म्हणून ते बारा कागद वाळायला आमच्या मागच्या खोलीत आले. दोरीवर चिमट्यांनी टांगले.

"वाळले की दोघांत एक साधा कागद घालून ठेवा," जाताना त्या म्हणाल्या. "बाकी काही करू नका."

शाई वाळायला सहा दिवस लागले. सहाही दिवस त्या लोंबणाऱ्या कडा माझ्या डोळ्यांत खुपत होत्या. एवढं देखणं काम आणि कडा उंदराने कुरतडल्यासारख्या! बारा प्रतिष्ठित माणसांच्या हातात हे जायचं. आमच्या ऑफिसात कागद कापायचं मोठं यंत्र आहे. शनिवारी मी ते बारा कागद क्रमाने लावून, फाइलीत घालून ऑफिसात नेले. सहा-सहाच्या दोन गड्ड्या केल्या आणि चारी बाजूंनी बोटभर कापून टाकल्या. काय सांगू, आरशासारखे दिसायला लागले. कापलेल्या पट्ट्या बाजूवार चार जुडग्यांत लावल्या, पिना मारल्या आणि पाकिटात घालून वर लिहिलं, 'कडा, बारा कागद'. वहीत खूण घालायला अशा पट्ट्या बऱ्या पडतात. कापलेलं काही टाकायचं नाही ही माझी सवय.

सोमवारी संध्याकाळी कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. बरोबर सूनबाई होती. गाठोडं सोडलं आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो.

विहीणबाईंनी पहिला कागद उचलला. कडेवरून बोट फिरवलं. मग दुसरा. तिसरा पाहिलाच नाही.

"किती बाजू कापल्या?"

"चारही," मी म्हटलं. "एका रेषेत."

"अरे वा."

खुर्चीवर बसल्या. सूनबाईने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि फळीवरच्या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवलं. कागद ज्या कडांनी जागा ओळखत होता, त्याच मी उडवल्या होत्या.

"नवे कागद घेतले तर..." मी म्हणालो.

"पहिले दोन रंग कशावरून छापू? तिसऱ्यासाठी ठोकळा कोरून झालाय परवा." त्यांचा आवाज चढला नव्हता. "व्याहीबुवा, मुलगी दिली तेव्हा तीही अशीच कापून सरळ करून घेतलीत का हो?"

"आई!" सूनबाई म्हणाली.

"तू थांब. त्यांना पाणी दे आधी. माणूस पडेल."

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी उरलीसुरली कसर भरून काढली. "हात दाखवून अवलक्षण! कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या साड्यांच्या पदराचे गोंडे वाचले हेच नशीब."

जेवण गेलं नाही. पाणी पिताना एकदम आठवलं आणि मी तसाच चपला घालून परत निघालो. विहीणबाईंनी दार उघडलं तेव्हा हातात त्यांची सह्यांची वही होती. मागची कोरी पानं त्या फाडत होत्या. दूधवाल्याच्या हिशोबाला लागतात, म्हणाल्या.

"त्या पट्ट्या आहेत," मी दारातूनच सांगितलं. "टाकल्या नाहीत. जुडग्यात आहेत, कापल्या त्याच क्रमाने."

"क्रमाने म्हणजे?"

"एक ते बारा."

त्यांनी वही खाली ठेवली. मग फिसकन हसल्या. "तुम्ही माणूस आहात की कपाट?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात होतो. पाकीट खणात होतं. तिथे अजून एक गोष्ट आठवली. सोमवारी रोजकीर्दीत खूण म्हणून मी डाव्या कडांच्या जुडग्यातली एक पट्टी ओढून घेतली होती, शेवटची, बारा नंबरची. रोजकीर्द उघडली. पट्टी नव्हती. टोपली पाहिली, ती झाडून स्वच्छ. झाडणाऱ्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "साहेब, तुम्हीच सांगता ना टेबलावर चिटोरा दिसता कामा नये?"

विहीणबाईंनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. आत कॉलेजातल्या डिंकाच्या पट्ट्या, चिमटा, मोत्याच्या डोक्याच्या टाचण्या. पहिला कागद पालथा घालून त्यांनी त्याची डावी पट्टी शेजारी ठेवली. दोन्ही तुकडे चिमट्याने इतके जवळ आणले की मधली फट दिसेनाशी झाली. मग डिंकाची पट्टी जिभेने नव्हे, ओल्या बोटाने नुसती पुसली आणि जोडावर आडवी बसवली. तीन ठिकाणी. वरून वजन.

"जास्त ओलं केलं की कागद फुगतो," त्या म्हणाल्या. "वाळक्या पानाचंही असंच. त्याला कळता कामा नये की आपण धरलंय."

माझ्याकडे आकडे जुळवून पट्ट्या हातात द्यायचं काम होतं. चार संध्याकाळी आम्ही तेच केलं. मधेच त्या म्हणायच्या, "पाच नंबर, खालची," आणि मी द्यायचो. दुसरं काही बोलणं नाही. माझ्या नोकरीचे सात महिने राहिले आहेत. आजवरच्या नोकरीत इतक्या शांत संध्याकाळी मला आठवत नाहीत.

तिसरा रंग छापायच्या दिवशी मात्र मी जिन्यात उभा राहिलो. वरून हाक आली, "या वर, बसलं पान." पाहिलं तर राखी हिरव्या रंगाचा कोंब तांबूस पानाच्या बगलेत केसाएवढाही न हलता बसला होता. अकरा कागदांवर तसाच बसला. बाराव्याची डावी कड नव्हती. तो त्यांनी मापून, अंदाजाने टेकवला. दोऱ्याएवढा सरकला. चौथा काळसर रंग छापल्यावर त्या कागदावरची फांदी, कुणी धक्का दिल्यासारखी दोनदा दिसायला लागली.

"एवढं कुणाला कळतंय," मी म्हणालो.

"मला कळलं ना."

शेवटी त्यांनी अकरा कागदांवरची सगळी ठिगळं सोडवली. उरले ते सरळ, स्वच्छ कडांचे कागद, मी ऑफिसात कापले होते तसेच.

"घ्या, तुमच्या मनासारखं झालं," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिलीला टोक केलं. अकरा सह्या केल्या. एकही वाकडी गेली नाही. बाराव्यावर केली नाही.

आता बारा माणसं आणि अकरा चित्रं. विभागप्रमुखांना फोन करून त्यांनी खरं ते सांगितलं, माझं नाव मात्र घेतलं नाही. मग बारा नावांची यादी पुढ्यात ओढली. मला वाटलं, शेवटच्या ओळीवर काचमामा आहेत, त्यांना वगळतील. काचमामा म्हणजे विभागातल्या काचेच्या बाटल्या-नळ्या धुणारे शिपाई. निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झालेली. पण विहीणबाईंनी यादी नव्याने लिहिली, जो तो विभागात ज्या साली रुजू झाला त्या क्रमाने. काचमामा पहिले आले. सध्याचे विभागप्रमुख, वयाने सर्वांत लहान, बारावे.

"आधी आलेला माल आधी बाहेर," मी म्हणालो. "आमच्यात पण अशीच पद्धत आहे."

"मग एवढी वर्षं ती माणसांना का नाही लावलीत?"

२८ मार्चला मी मागच्या रांगेत बसलो होतो. काचमामांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं, आधी फांदी पाहिली, मग खालचा कोपरा. "ही तुमची सही होय, बाई?" ते मोठ्याने म्हणाले. त्यांना ऐकू कमी येतं. "चांगली आहे की!" सगळे हसले. विहीणबाईंनी पदर सावरला आणि मान हलवली.

विभागप्रमुखांना मी आठशे परत द्यायला गेलो होतो, त्यांनी घेतले नाहीत. पैसे नकोत, पुढच्या पानगळीचं चित्र द्या, म्हणाले. विहीणबाई समोर झाड असल्याशिवाय कोरत नाहीत, आणि पुढच्या पानगळीला अजून अवकाश आहे. सरकलेली बारावी प्रत सहीशिवाय माझ्या टेबलासमोर लावली आहे.

विभागप्रमुखांचं एक चित्र देणं बाकी आहे.