जाड बिबडे

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने मी धुळ्याहून जळगावला मेहरूणमध्ये आईकडे आले आणि आल्या दिवशीच नानांची आरामखुर्ची बळकावली. पुढचे सहा आठवडे माझ्या वडिलांनी स्टुलावर बसून पेपर वाचला. मी खुर्चीत मागे रेलायचे, पोटावर ताटली ठेवायचे आणि शेंगा सोलून खायचे. पोटाचं एवढं सोयीस्कर टेबल पुन्हा मिळणार नाही, याची मला पुरेपूर जाणीव होती.

दिवस भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. बाळाचं डोकं खाली आहे, पण त्याची पाठ तुझ्या पाठीकडे आणि तोंड समोर आहे, त्या म्हणाल्या. बहुतेक बाळं कळा सुरू झाल्यावर वळतात. नाही वळलं तर वेळ लागतो, आणि सगळा जोर कंबरेत येतो. सोमवारपर्यंत आपोआप कळा आल्या नाहीत तर दाखल व्हायचं, सलाईनमधून कळा द्यायच्या, आणि त्यानेही नाही भागलं तर सिझर. निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं होतं : रेलून बसू नकोस, पुढे वाकून कामं करत राहा.

मला त्यातला ‘सिझर’ हा एकच शब्द ऐकू आला. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. कॉलेजात बेडूक कापताना चक्कर येऊन त्या बेडकाशेजारीच आडवी झाले होते, ही गोष्ट सासरी अजून कोणाला माहीत नव्हती. सुरी माझ्यावर चालणार या कल्पनेने मी घरी आले ती थेट आरामखुर्चीत जाऊन रेलले.

त्या शुक्रवारी शिरपूरकडच्या खेड्यातून माझी मोठी मावशी आली. तिला सगळे अक्का म्हणत. दर वैशाखात बिबडे करायला ती यायचीच. ज्वारी भिजवून, वाटून, मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ घालून घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच ओल्या धोतरावर ओल्या हाताने पातळ थापायचा. वाळला की झाला बिबडा. अक्काचा बिबडा इतका पातळ असे, की वाळल्यावर उन्हात धरला तर पलीकडचा माणूस ओळखू यावा.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते तिने आईकडून ऐकलं. वाकून कामं करायला सांगितलंय म्हटल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी गच्चीवर सतरंजीवर गुडघे टेकून, एका हातावर भार देऊन, दुसऱ्या हाताने घाटा थापत होते.

आईला हे मुळीच पटलं नाही. पूर्ण दिवसांच्या पोरीला रांगायला लावतेस, तुला काही वाटतं का, असं ती अक्काला खाली स्वयंपाकघरात बोलली. ते जिन्यापर्यंत ऐकू आलं. अक्का नुसती पातेल्यात लाकडी चाटू फिरवत राहिली.

दुपारी माझी कंबर दुखायला लागली. अगदी खाली, माकडहाडापाशी कोणीतरी पहार घालून हाड उचकटतंय असं वाटायचं, मग थांबायचं. मी विज्ञानाची बाई. माझं ठाम मत होतं की कळा पोटात येतात. सिनेमात पाहिलेली प्रत्येक बाळंतीण पोट धरून ओरडत होती. कंबर धरलेली एकही नव्हती. तेव्हा ही बिबड्यांचीच करणी. पण तसं म्हणावं तर आई अक्काला आणखी बोलणार. म्हणून मी गप्प बसले. रात्री दुखणं थांबलं आणि माझं निदान बरोबर निघालं म्हणून मी खूश झाले.

रविवारी सकाळी दुसरा घाणा. दुखणं पुन्हा सुरू झालं, पण मी काही केल्या तोंड वाकडं केलं नाही. अक्का एका टोकाकडून थापत येत होती, मी दुसऱ्या टोकाकडून. दोघी मध्ये भेटलो तेव्हा ती थांबली. माझ्या ओळी पाहत बसली. मला वाटलं, आता माझ्या हातकामाचा उद्धार होणार.

पहिल्या ओळीत सात-आठ पातळ बिबडे होते, मग एक जाड, वेडावाकडा, त्यावर माझी पाचही बोटं उमटलेली. दुसऱ्या ओळीत पाच पातळ, मग एक तसाच जाड. शेवटच्या ओळीत तीन, मग जाड. पुन्हा तीन, पुन्हा जाड. दुखणं आलं की मी हात तिथेच दाबून धरत होते, आणि माझं मलाच ते कळलं नव्हतं. अक्काने एकेका जाड बिबड्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत नेलं आणि हळूच म्हणाली,

“ही पाठदुखी नही माय. या कया शेतस.”

कळा. सोमवारच्या आधी, आपल्या आपण आलेल्या. मी सकाळपासून त्या कापडावर थापून ठेवत होते.

नानांनी रिक्षा आणली. पण बसायचं कसं? टेकलं की कंबरेत पहार. शेवटी मी सीटवर गुडघे टेकले आणि उलटं तोंड करून सीटच्या पाठीला मिठी मारली. मागच्या बारक्या खिडकीतून बाहेर दिसत होतं. आमच्या मागोमाग केळीने भरलेला ट्रॅक्टर होता. प्रत्येक कळेला माझी आणि त्या ड्रायव्हरची नजरानजर व्हायची. तिसऱ्यांदा त्याने ट्रॅक्टर मागेच थांबवला. मीही त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ अजून वळलेलं नव्हतं. ठोके चांगले आहेत तोवर थांबू, संध्याकाळी ठरवू, असं त्या आईला म्हणाल्या. आत एकच बाई सोबत राहील, असा तिथला नियम. आई माझ्याकडे पाहून रडायला लागली होती. तिने डोळे पुसले आणि अक्काला पुढे ढकललं. आदल्या दिवशी जिला बोलली होती, तिलाच.

आत गेल्यावर अक्काने मला काही शिकवलं नाही, देवाचं नाव घ्यायला लावलं नाही. पहिल्या कळेला तिने तळहात माझ्या माकडहाडावर ठेवला आणि सगळा भार टाकून दाबला. ती पहार आतून बाहेर, आणि अक्का बाहेरून आत. दोघींची झुंज मधल्यामध्ये बरोबरीत सुटायची आणि मला श्वास घेता यायचा. कळ गेली की हात सैल, आली की पुन्हा तिथेच. मी सांगायच्या आधी. मी पलंगाची कड धरून वाकून उभी, ती माझ्या मागे. सकाळचे अकरा, दुपारचे दोन, चार. एकदा ती पाणी प्यायला वळली आणि नेमकी कळ आली; तेव्हा मी तिला जे काही बोलले ते माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर कधीही जाऊ नये. त्यानंतर तिने पाणी मागितलं नाही.

चारच्या सुमाराला नवी सिस्टर आली, तिने अक्काला बाजूला व्हायला सांगितलं. डॉक्टरीणबाई माझ्या बाळाचे ठोके ऐकत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, “त्या बाईंना तिथून हलवू नका.”

पुढे आणखी तीन तास गेले. दिवेलागणीला माझी मुलगी झाली, एक टाकाही पोटावर न पडता. पण वळली मात्र नाही. बाळं खाली बघत येतात, ही वर बघत, डोळे उघडे ठेवून आली. असं क्वचित होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अक्का वाकून तिला बघत होती. तिचा उजवा हात मनगटापासून सुजला होता, म्हणून तिने डाव्या हाताने पोरीच्या पायाला हात लावला.

“आभायकडे देखत ऊनी,” ती म्हणाली, आणि मग कोपऱ्यातल्या माठाकडे जाऊन एकापाठोपाठ तीन ग्लास पाणी प्यायली.

तुला बाळाचं वळणं वगैरे माहीत होतं का, असं मी तिला नंतर विचारलं. तिला काहीच माहीत नव्हतं. तिची स्वतःची पाच बाळंतपणं अशी झाली होती, की पाचव्या वेळी सुईण चपला काढेपर्यंत पोरगं रडायला लागलं. डॉक्टरांनी वाक म्हटलं होतं आणि मला बिबड्याला एक हात कमी पडत होता, एवढंच ती म्हणाली.

बाळाला घेऊन धुळ्याला जाताना आईने डबा भरला. जाड बिबडे ती बाजूला काढत होती. विहिणीला असं काय द्यायचं? अक्काने ते सगळे उचलून पुन्हा डब्यात घातले. धुळ्यात सासूबाईंनी त्यातला एक निखाऱ्यावर भाजला. कडा फुलल्या, मधला भाग कच्चाच राहिला. तो उलटसुलट करून त्यांनी विचारलं, “सूनबाई, हे कोणी थापलं?”

मी मांडीवरच्या पोरीकडे बोट दाखवलं, आणि मग सगळं सांगितलं, बेडकासकट.

त्यांनी तो बिबडा पुन्हा निखाऱ्यावर ठेवला. तो मधोमध भाजेपर्यंत बसून राहिल्या, आणि सगळा खाल्ला.