गुरुजींना मिळालेली दाद

कधीकाळी वारलेल्या परक्या माणसाचं सुतक अजून पाळणारा गृहस्थ मी सगळ्या सिंगापुरात एकच पाहिला, आणि तो नेमका पुंगोलला आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. काका मूळ पुण्याचे, तुआसला क्रेनचे इंजिनिअर. आणि ज्यांचं सुतक ते पाळत, ते एका लहानशा जर्मन गावातले संगीतकार. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण मला ते अजून धड उच्चारता येत नाही आणि चुकीचा उच्चार काकांनी कधी खपवून घेतला नाही. काका स्वतः त्यांना ‘गुरुजी’ म्हणत, कारण पोटासाठी ते गावच्या शाळेत मास्तरकी करायचे. बिल्डिंगमध्ये नव्यानं आलेल्या एका मराठी जोडप्यानं काकांना एकदा विचारलं होतं, की तुमचे गुरुजी वास्तुशांत करतात का. काकांनी गंभीरपणे सांगितलं, त्यांना वेळ नसतो.

तरुणपणी कंपनीनं काकांना सहा महिने त्या गावात ट्रेनिंगला धाडलं होतं. तिथली घरमालकीण रोज संध्याकाळी गुरुजींचं काहीतरी वाजवायची, आणि काका जे त्या नादाला लागले ते लागलेच. घरी देव्हाऱ्याशेजारी गुरुजींचं केसांचा टोप घातलेलं चित्र होतं. पुण्यतिथीला केळं घातलेला शिरा व्हायचा आणि तो आम्हाला पोटभर मिळायचा, म्हणून आम्हीही फार चौकशा करत नसू. पुंगोल ते तुआस म्हणजे बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा एमआरटीचा, म्हणजे मेट्रोचा प्रवास, आणि वाटभर काकांच्या कानात गुरुजी. कामाजवळ घर का घेत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले की मग गुरुजी अर्ध्यावरच तोडावे लागतील.

गुरुजींची कहाणी सांगताना मात्र त्यांचा आवाज चढायचा. या माणसानं दर रविवारी चर्चसाठी नवं संगीत लिहिलं, आणि चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून जन्मभरात एक टाळी ऐकली नाही. मोठ्या शहरातल्या नोकरीसाठी तीनदा अर्ज केला, तीनदा नकार आला. मेल्यावर त्यांचे निम्मे कागद म्हणे गावच्या खाटकानं पुड्या बांधायला नेले. त्या खाटकावर काका असे काही तोंडसुख घ्यायचे, की तो खालच्या हॉकर सेंटरमध्येच गाळा टाकून बसलाय असं वाटावं.

काकूंचं घराणं ख्याल ऐकणाऱ्यांचं. त्यांना गुरुजींचं फार कौतुक नव्हतं, अपवाद एका संथ रचनेचा. गुरुजींनी ती बायको गेल्यावर लिहिली होती. तिच्या मध्यावर एक जागा आहे, जिथे सूर वर चढतो, पोचतोय असं वाटतं, आणि न पोचताच हळूच मागे वळतो. तिथे काकू भाजी चिरताचिरता हमखास म्हणायच्या, “वा!” काका चिडायचे. या संगीतात मध्ये बोलायचं नसतं, असं त्यांनी काकूंना बत्तीस वर्षं बजावलं. काकू “बरं” म्हणायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाद द्यायच्या.

काकू गेल्या त्याला आता तीन वर्षं झाली. त्यानंतरही वरून ती रचना ऐकू यायची, पण त्या जागेच्या जरा अलीकडे बंद पडायची. आधी मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मग कळलं, आणि मी वर जाऊन विचारायचं धाडस केलं नाही.

यंदा काकांची नोकरी संपली, इथे राहायचा पास संपत आला आणि पुण्याला परतायचं ठरलं. जाण्याआधी त्यांची एकच इच्छा होती. काकू राहिल्या त्याच बिल्डिंगमध्ये, जिवंत माणसाच्या हातून, ती रचना एकदा शेवटपर्यंत ऐकायची. दुसऱ्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या एक चिनी बाई राहतात. काकांनी त्या गावच्या चर्चला पत्रांमागून पत्रं लिहून मिळवलेली स्वरलिपी त्यांना नेऊन दिली. एका रविवारी दुपारी बाईंच्या घरी आम्ही आठजण जमलो. काकांनी दारातच सूचना दिल्या: खोकायचं नाही, फोन बंद, आणि कृपा करून कुणी ‘वा’ म्हणायचं नाही.

बाई सुंदर वाजवत होत्या. ती जागा जवळ आली तसा मी काकांकडे बघायचं टाळलं. सूर चढला, वळला, आणि त्या शांततेत स्वच्छ आवाज आला, “वा!”

काकाच होते ते. बाईंचे हात थांबले. त्यांनी मागे वळून काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं. आता त्या रागावणार असं मला वाटलं.

“अगेन, अंकल?” त्यांनी विचारलं.

काकांनी मान डोलावली. बाई दोन ओळी मागे गेल्या आणि ती जागा त्यांनी पुन्हा घेतली. आपल्याकडे दाद मिळाली की गाणारा तेच तर करतो, पण हे बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मनात आलं, गुरुजींच्या वाट्याला जन्मात न आलेली गोष्ट आज पुंगोलच्या दुसऱ्या मजल्यावर आली. रचना संपेपर्यंत काका उघडपणे रडत होते, आणि आम्हीही.

वर आता दुसरं कुटुंब आलंय, चांगलं आहे. पण संध्याकाळी छत फार गप्प वाटतं आणि मला काकांची आठवण येते. परवा पुण्याला फोन केला तेव्हा विचारलं, गुरुजी ऐकता का अजून.

“रोज ऐकतो,” काका म्हणाले. “तिची जागा आली की मीच ‘वा’ म्हणतो, आणि मागे नेऊन परत लावतो. ती असताना एकदा तरी परत लावायला हवी होती रे.”