मालक आहेत का घरात?

गजभिये काका स्वतःच्याच घराच्या फाटकावर उभे राहून हाक मारायचे, "मालक आहेत का घरात?"

मी आतून उत्तर द्यायचो, "मालक बाहेर उभे आहेत."

मग ते खळखळून हसत. फाटकाची वाकडी कडी कशी उचलून सरकवायची हे फक्त त्यांना जमायचं, ती काढत आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसत. खुर्चीही त्यांचीच. हा विनोद आम्ही तीन वर्षं जवळजवळ रोज केला आणि दर वेळी तितकेच हसलो. विनोद माझ्यावर चालला आहे हे मला सगळ्यात शेवटी कळलं. माझी बायको नलू पहिल्या दिवसापासून हसत नव्हती, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

काका फॅक्टरीतून निवृत्त झालेले, विधुर, गोरेपान टक्कल, शर्टाच्या खिशात कायम बडीशेप. एकुलती एक मुलगी रंजना लग्न होऊन रायपूरला. कांचघर मोहल्ल्यातल्या या घरात एकट्यानं करमत नाही म्हणून ते दोन गल्ल्या सोडून बहिणीकडे राहायला गेले होते. आणि मी जन्मापासून सरकारी क्वार्टरात वाढलेला माणूस. आधी वडिलांचं क्वार्टर, मग माझं. बल्ब गेला की तक्रार नोंदवायची, खिळा ठोकायचा तर साहेबांना विचारायचं. मला आयुष्यात कुणी मालक म्हटलं नव्हतं. भाजीवालासुद्धा 'भैया'च म्हणायचा.

घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी आधी रीतसर बँकेत गेलो होतो. तिथल्या मॅडमनी पगाराच्या स्लिपा मागितल्या, मागच्या वर्षांची टॅक्स रिटर्न मागितली, घर कुणाचं, त्याआधी कुणाचं, त्याच्याही आधी कुणाचं ते विचारलं. मला पोलीस चौकीत जबाब देत असल्यासारखं वाटलं. अपमानित होऊन मी जो निघालो तो सरळ काकांकडे. काकांनी एकच प्रश्न विचारला, "चहात साखर किती?"

त्यांची योजना चहापेक्षा गोड होती. "बाबू, बँकेच्या दारात काहून उभे राहून राहिले? तुम्ही आजपासून राहायला या. थोडा ॲडव्हान्स द्या. भाडं बाजारापेक्षा जरा वरचढ द्या, ते वरचढ किमतीत धरू. किंमत आजच ठरवून टाकू. पाच वर्षांनी उरलेले द्या, रजिस्ट्री करून घ्या. तोवर मालक तुम्हीच."

नोटरीच्या शिक्क्याचा एक कागद झाला. त्यात दुरुस्ती माझ्याकडे होती आणि तीन महिने भाडं चुकलं तर दिलेलं सगळं नुसतं भाडं समजावं, किमतीत धरू नये, असंही होतं. मी तो कागद फोटो काढण्यापुरता हातात धरला.

नलूनं विचारलं, "घराचे मूळ कागद पाहिले का?"

"मी माणूस पाहिला," मी म्हणालो. हे वाक्य तिनं पुढे मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की ते आता तिच्याच मालकीचं आहे.

मालकी म्हणजे काय ते मला पहिल्याच पावसाळ्यात समजू लागलं. काका खुर्चीत बसून छताकडे बघत म्हणाले, "मालक, तुमचं घर गळून राहिलं." मी गच्ची नव्यानं करून घेतली. मोटर जळली तेव्हाही घर माझंच होतं, नगर निगमचा माणूस टॅक्स मागायला आला तेव्हा तर फारच माझं होतं. मात्र मी पुढच्या भिंतीला पोपटी रंग द्यायचा म्हटलं, तर काकांनी बडीशेप चघळणं थांबवलं. "बाबू, अजून नाव माझं आहे बरं. लोक काय म्हणतील, गजभियेला हे काय सुचलं?" थोडक्यात, घराला खर्च आला की मी मालक आणि रंग आला की ते. तरीही मी खूश होतो. ऑफिसात मी 'आमच्या गच्चीचं काम निघालंय' असं इतक्या तऱ्हांनी सांगायचो की सहकाऱ्यांना माझ्या तीन-चार गच्च्या आहेत असं वाटत असावं.

गच्चीच्या कामात माझी भाड्याची ओढाताण झाली. काकांना म्हटलं, या महिन्यात राहू द्या. ते म्हणाले, "मालकाला कोण विचारतं जी?" असं मी तीनदा म्हणालो आणि तीनदा कुणी विचारलं नाही. चौथ्या महिन्यात मी पुन्हा नियमित झालो आणि ते तीन महिने विसरून गेलो. कागद मात्र विसरला नव्हता.

दुसऱ्या वर्षी काकांना धंद्याची हौस आली. भेडाघाटला एका कारागिराशी भागी करून ते दगडी बुद्धमूर्ती घडवून घ्यायला लागले. "नागपूरले एकेक मूर्ती हातोहात जाते, चलो, आपण काहून मागे राहावं?" मूर्ती घडल्या, पण कारागिराला डोळे जमेनात. तथागतांच्या चेहऱ्यावर करुणेच्या जागी किंचित शंका उमटली. घेणारा समोर उभा राहायचा, मूर्ती त्याच्याकडे संशयानं बघायची आणि तो निघून जायचा. न खपलेल्या मूर्ती काकांनी माझ्या अंगणात आणून ठेवल्या. "घर तुमचं, अंगण तुमचं, शोभा पण तुमचीच." आमच्या घरात नलू सोडली तर शंका घेणारे तेवढेच होते, आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी बुद्धपौर्णिमेला मी सगळ्या नातेवाइकांना बोलावलं. खरं कारण खीर नव्हे, गच्ची दाखवणं. वंदना झाली, पंगत बसली, आणि एक तरुण टेप घेऊन आत आला. मला वाटलं मंडपवाला.

"भैया, जरा उधर से पकडेंगे?" तो म्हणाला.

मी टेपचं टोक धरलं. त्याच्याबरोबर सगळं घर मोजलं. एवढंच नाही, तर आग्रहानं मागे नेऊन म्हटलं, "ये बाथरूम भी नाप लीजिए, अभी बनवाया है." त्याला खीर दिली. मग विचारलं, "तो शामियाना कितने का बैठेगा?"

"शामियाना नहीं साहब. बँक से आया हूँ. मकान पर लोन है, किस्तें रुकी हैं. कीमत लगानी है."

"किसका लोन?"

"मकान मालिक का."

आणि तीन वर्षांच्या सवयीनं मी म्हणालो, "जी, बोलिए."

संध्याकाळी काका आले. फाटकाशी उभे राहिले, पण हाक मारली नाही. नलूनंच हाक दिली, "काका, आत या. खीर आहे, आणि भांडणपण आहे."

ते खुर्चीत बसले नाहीत. "मी तुम्हाले फसवलं नाही जी. रंजनाच्या लग्नात घर गहाण ठेवलं होतं. तुमचं भाडं यायचं, मी हप्ता भरायचो. सगळं बरोबर चालून राहिलं होतं." त्यांनी अंगणातल्या मूर्तींकडे बघितलं. "मग पैसा इकडे बसला."

तर इतके दिवस मी माझ्याच पैशांवरची धूळ रोज सकाळी ओल्या फडक्यानं पुसत होतो.

"सांगितलं काहून नाही?" मी विचारलं.

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

याचं उत्तर नलूपाशी होतं, पण तिनं ते रात्रीसाठी राखून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन वर्षांपूर्वीच्या त्याच बँकेत, त्याच मॅडमपुढे. मॅडमनी नोटरीचा कागद वाचला आणि चष्मा काढला. "ये तो रजिस्टर्ड भी नहीं है. तीन साल पहले हमारे पास आते तो हमारा वकील हफ्ते भर में बता देता कि मकान गिरवी है." बँक छळते, पण आपल्याआधी घराला छळते, हे मला तेव्हा समजलं. तिचे पैसे बुडू नयेत म्हणून ती जे शंभर प्रश्न विचारते, त्यातले नव्वद माझ्या बाजूचे होते. शिवाय पहिल्याच दिवशी घर माझ्या नावावर झालं असतं आणि हवा तो पोपटी रंग देता आला असता. आता उपाय एकच होता. मी कर्ज काढायचं, त्यातून काकांचं कर्ज फेडायचं, उरलेले काकांना द्यायचे आणि रजिस्ट्री करायची. पण दिलेला ॲडव्हान्स आणि वरचढ भाडं किमतीत धरलं तरच ते मला झेपणार होतं. आणि ते धरायचं की नाही, हे फक्त काकांच्या हातात होतं.

काका व्हरांड्यात बसले असताना रंजनाचा रायपूरहून फोन आला. काका कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर बोलत, त्यामुळे मीही ऐकलं. "बाबा, तीन महिने त्यांनी दिलेच नाहीत ना? कागदात लिहिलंय. ते सगळं भाडं झालं. आज घराचा भाव कुठल्या कुठे गेलाय." ती चुकीचं बोलत नव्हती, तेच तर वाईट होतं. काका म्हणाले, "अच्छा, बघतो," आणि फोन ठेवून बडीशेप शोधत राहिले. पुढचे कितीतरी दिवस ते फिरकलेच नाहीत. नलूनं क्वार्टरसाठी अर्ज आणून ठेवला.

बँकेनं रजिस्ट्रीची तारीख ठरवून दोघांनाही कळवली, पण त्या दिवशी काका येतील याची मला खात्री नव्हती. ते माझ्याआधी कचेरीत येऊन बाकावर बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. तिथल्या कारकुनानं विचारलं, "मकान मालिक कौन?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये हैं."

"तो आप कौन?"

"मैं बेच रहा हूँ."

"अरे दादा, बेचेगा तो मालिक ही ना."

काकांनी हे मान्य केलं. "चलो, तो दो मिनट के लिए मैं."

ठरलेल्या जुन्याच किमतीला, मी दिलेलं सगळं वजा धरून, त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर मी त्यांचा हात धरला तर म्हणाले, "सोडा बाबू, शाई लागेल."

त्या संध्याकाळी ते फाटकाशी आले आणि तिथेच थांबले. आता काय हाक मारावी हे त्यांना सुचेना. मी बाहेर गेलो, त्यांना खुर्चीत आणून बसवलं, परत फाटकाबाहेर गेलो आणि ओरडलो, "मालक आहेत का घरात?"

काका इतके हसले की बडीशेप सांडली.

मग रंजना त्यांना रायपूरला घेऊन गेली. दोघांचं पटलं, असं ते फोनवर सांगायचे. गेल्या हिवाळ्यात तिचाच फोन आला, बाबा झोपेतच गेले म्हणून. तिनं विचारलं, त्यांची एखादी मूर्ती मिळेल का. मी म्हटलं, निवडून घे, सगळ्या तुझ्याच. ती एक घेऊन गेली. बाकीच्या अजून अंगणात बसून माझ्याकडे संशयानं बघतात. घराचा रंग पोपटी आहे आणि तो वाईट दिसतो.

फाटकाची कडी मला अजून उघडता येत नाही. म्हणून ऑफिसातून आलो की बाहेरूनच हाक मारतो, "मालक आहेत का घरात?"

आतून नलू म्हणते, "मालक बँकेत बसून राहिले, अजून पंधरा वर्षं. तुम्ही या, चहा झाला."