मरायला लावलेली तूर

मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून जे सरकारी कडधान्य संशोधन केंद्र होतं, त्याच्या फाटकातून आत शिरलं की उजव्या हाताला आधी दिसायचा तो सत्यशीलाचा तुरीचा तुकडा. नवखा माणूस तो बघून हटकून म्हणायचा, "अरेरे! पाणी कमी पडलं वाटतं."

पाणी कमी पडलेलं नव्हतं. ती तूर सत्यशीलानं मरायलाच लावली होती.

तुरीला मर नावाचा रोग लागतो. झाड कमरेएवढं होतं, कळ्या धरतं आणि मग एखाद्या सकाळी पानं पिवळी पडून मान टाकतं. खोड चिरून पाहिलं तर आत काळी रेघ. बुरशी मातीत बसलेली असते, मुळातून वर चढते. औषध मारून उपयोग नाही. उपाय एकच: जे झाड त्या बुरशीला पुरून उरेल ते हुडकायचं आणि त्याचं बी वाढवायचं. पण ते हुडकायला बुरशीनं भरलेली जमीन लागते. सत्यशीलानं चार वर्षं खपून ती तयार केली होती. दरवर्षी रोगानं मेलेल्या तुराट्या बारीक तोडून त्याच मातीत मिसळायच्या, त्यावर पुन्हा तूर पेरायची, पुन्हा मरू द्यायची. आता तिथं रोग असा मुरला होता की साधी तूर टिकणं मुश्कील. त्या सुकलेल्या काड्यांच्या रानात कुठं कुठं एखादं हिरवं झाड उभं असायचं. सत्यशीला रोज सकाळी आधी तिकडे जायची. काल उभं असलेलं आज उभं आहे का, एवढंच बघायला.

ती मूळची तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातली. छप्पन साली घरानं धर्म बदलला तेव्हा बापानं लेकीचं नावही बदललं. तोवर तिचं नाव दगडी होतं. मास्तरांनी शाळेच्या पटावर 'सत्यशीला' लिहिलं आणि नव्या नावाला ओ द्यायची सवय व्हायच्या आत ती तालुक्याच्या वसतिगृहात, तिथून औरंगाबादला, तिथून परभणीच्या शेतकी कॉलेजात पोचली. बाप ते बघायला राहिला नाही. आई, सोनूबाई, आता तिच्याबरोबर केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायची आणि तिशी गाठलेल्या बिनलग्नाच्या लेकीकडे बघून उसासे टाकायची.

सत्यशीलाला एका जागी बसवत नसे. लोक म्हणत, शास्त्रज्ञ माणूस शांत असतो. तिला हसू यायचं. विज्ञान म्हणजे शोध, असं रेडिओवर सांगतात. तिच्या मते विज्ञान म्हणजे वाट बघणं. बी उगवायची वाट, झाड मरायची वाट, आणि त्याहून जास्त, भांडारातून काचेच्या नळ्या मिळायची वाट. बुरशी वाढवायला लागणारं द्रव्य पावसाळ्यात मागवलं की उन्हाळ्यात यायचं. निर्जंतुक करायचं मोठं यंत्र केंद्रात आलं तेव्हा त्याला हार घातला होता, नारळ फोडला होता. सहा महिन्यांत त्याच्या झाकणाचं रबर गेलं आणि दीड वर्ष ते कोपऱ्यात उभं होतं, वाळलेल्या हारासकट. "आपल्याकडं यंत्राचं उद्घाटन होतं, दुरुस्ती होत नाही," असं ती एका बैठकीत बोलून गेली होती. कोणी हसलं नाही.

मग तिनं घरचा कुकर प्रयोगशाळेत नेला. सोनूबाई करवादली, "भाताचा कुकर बुरशीला देऊन राह्यली! मंग आम्ही काय खावं?"

"तू पातेल्यात कर ना, आई."

"पातेल्यातच केला जलमभर. कुकर कशाला आणल्ता मंग?"

आईचं खरं होतं. म्हणूनच यंत्रांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांचाही सत्यशीलाला राग यायचा. गावाकडचे शहाणे लोक जात्यावरच्या पिठाची गोडी सांगत बसायचे. तिला पहाटेचं जातं आठवायचं आणि आईचा बधिर झालेला खांदा. ज्यानं पिठाची गिरणी काढली त्याच्या पाया पडायला ती कुठंही गेली असती.

शहात्तर सालच्या डिसेंबरात वरिष्ठ संचालकांचा दौरा ठरला. अण्णासाहेब केंद्राचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण दौरा म्हटलं की त्यांची झोप उडायची. दगडांना चुना लागला, फाटकाला रंग लागला, आणि अण्णासाहेबांची नजर उजव्या हाताच्या तुकड्यावर येऊन थांबली.

"बाई, हे काही चांगलं दिसत नाही."

"चांगलं दिसण्यासाठी नाही ते, सर. तोच आपला सगळ्यात मोलाचा तुकडा आहे."

"ते मला कळतं हो. साहेबांना कळायला नको का? गाडीतून उतरल्याबरोबर समोर मेलेली झाडं! आसपासचे शेतकरी बोलावलेत. त्यांना काय वाटेल? सरकारी लोकांना साधी तूर आणता येत नाही?"

"मी सांगते ना त्यांना. पाच मिनिटं द्या मला."

"पाच मिनिटं कोण देतं, बाई! कार्यक्रम छापून झालाय."

तो विषय तिथंच राहिला असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी ती जालन्याला गेली, कारण तिथल्या एका दुकानात यंत्राच्या झाकणाला बसेल असं रबर मिळतं, असं कोणी सांगितलं होतं. ते बसेलसं नव्हतं. दुसऱ्या दुकानात होतं ते जाड होतं. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना तिची घालमेल होत होती. बाकावर बसायची, उठायची, फलकाशी जाऊन यायची. आपण एकेक खडा टाकून नदीत वाट बांधत बसलोय आणि पलीकडचा काठ कोणाला दिसतच नाही, असं तिला त्या दिवशी फार वाटलं.

गाडीतून उतरून फाटकातून आत आली तेव्हा तिला आधी वास आला. उलटलेल्या मातीचा. तुकड्याचा अर्धा भाग काळा होता. नांगरलेला. आणि नेमका मधोमध ट्रॅक्टर उभा होता, त्याच्याखाली ट्रॅक्टरचालक महेबूबभाईंचे पाय दिसत होते.

"महेबूबभाई!"

ते सरपटत बाहेर आले. हात ग्रीसनं माखलेले. "बाई, मेरा कसूर नहीं. साहेबानं सांगितलं, जल्दी नांगरून घे, वरून हरभऱ्याच्या कुंड्या मांडू. मी बोल्लो, बाई आल्यावर करू. पण हुकूम हाय म्हणले."

"मग थांबलात का?"

"मी कुठं थांबलो? हाच थांबला. डिझेलचा पंप बसला. बिलकुल हलंना." त्यांनी ट्रॅक्टरच्या चाकावर थाप मारली. त्या थापेत राग होता की शाबासकी, ते कळलं नाही.

हा ट्रॅक्टर वर्षातून आठ महिने बंद असायचा. त्याच्यावर सत्यशीलानं अर्जांमागून अर्ज लिहिले होते. आता ती त्या धुडाकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि हसूही. मग ती ढेकळांत बसली आणि नांगरटीत गाडली गेलेली हिरवी झाडं हातानं उपसून काढू लागली. महेबूबभाईही वाकले. पण तुरीची मुळं तुटली की तुटली. एकही जगलं नाही.

अण्णासाहेबांच्या खोलीत ती शिरली तेव्हा तिनं ठरवलं होतं की ओरडायचं नाही. "चार वर्षं, सर," एवढंच ती म्हणाली. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ट्रॅक्टर काही हलत नाही. राहिला तो अर्धा तसाच राहू दे आता," ते म्हणाले. माफी त्यांच्या तोंडून निघाली नाही. पण दौऱ्याच्या दिवशी संचालकांची गाडी थांबल्यावर त्यांनी स्वतःहून म्हटलं, "आमच्या बाई दोन शब्द सांगतील."

सत्यशीलानं सांगितलं. संचालकांनी मान डोलावली, "छान, चालू ठेवा," म्हणाले आणि हरभऱ्याच्या कुंड्यांकडे वळले. तिची चार वर्षं चहा गार व्हायच्या आत आटोपली.

मागं राहिलेल्या शेतकऱ्यांत एक बाई मात्र हलली नव्हती. पन्नाशीची, पदर घट्ट खोचलेला. मालनबाई. दोन कोसांवरच्या गावची. ती मेलेल्या झाडांतल्या एका हिरव्या झाडाला हात लावून बघत होती.

"ही जिती कशी राह्यली वो?"

सत्यशीलानं पुन्हा सगळं सांगितलं.

"मंग हिचं बी द्या की मला. माझ्या रानात वढ्याकडची तूर दरसाल अशीच जाती. उभी वाळती."

"नाही देता येणार, मावशी. अजून खात्री नाही. यंदा वाचलं ते पुढच्या वर्षी मरेल. कदाचित त्याच्या मुळाशी बुरशी पोचलीच नसेल. तीन-चार वर्षं तपासल्याबिगर…"

"तीन-चार वर्सं!" मालनबाईनं हात काढून घेतला. "तवर आम्ही काय वाट बघत बसावं? मंग काय उपेग तुमच्या शिकण्याचा?"

ती तरातरा निघून गेली. सत्यशीलाला ते वाक्य झोंबलं, कारण तोच प्रश्न ती रोज स्वतःला विचारत होती. संध्याकाळपर्यंत ती धुमसत राहिली. आईशी बोलली नाही, जेवली नाही. आणि मग भाकरीचं ताट तसंच सोडून एकदम उठली.

"काय झालं गं?"

"आई, ती बाई म्हणाली, दरसाल जाते. दरसाल! म्हणजे तिचं रान आयतं तयार आहे."

अर्धा तुकडा गेला होता तो पुन्हा उभा करायला वर्षं लागली असती. आणि इथं कोणाच्या तरी ओढ्याकाठी बुरशीनं भरलेली जमीन फुकट पडून होती.

सकाळी ती मालनबाईच्या गावी पोचली. मालनबाईचे मालक सर्जेराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव. तिनं दोन्ही सांगितलं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत म्हणाली, "आम्ही बौद्ध." अडकित्ता क्षणभर थांबला. चहा आला तो कोनाड्यातल्या वेगळ्या, कान तुटलेल्या कपातून. बुरशी आडनाव विचारत नाही, असलं काहीतरी तिच्या मनात आलं; पण असली वाक्यं भाषणात शोभतात. इथं तिला फक्त ओढ्याकडचं रान पाहिजे होतं. ती चहा प्यायली. तो कप पुढची दोन वर्षं त्याच कोनाड्यात होता आणि दर वेळी तिचा चहा त्यातूनच यायचा. तिनं ते कोणाला सांगितलं नाही, आईलासुद्धा.

"म्हंजे आमच्या रानात तुम्ही मरायची तूर लावणार?" सर्जेराव म्हणाले.

"एका कोपऱ्यात. तशीही मरतेच आहे ना? मग माझी मरू द्या. जे उरेल त्याचं बी आधी तुमचं."

सर्जेराव नको म्हणायच्या बेतात होते. आतून मालनबाई बाहेर आली. "लावू द्या," ती म्हणाली. "वढ्याकडचं रान माझ्या माहेरानं दिल्यालं हाय."

त्या वाक्यापुढे सर्जेरावांचं काही चाललं नाही.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात केंद्रातल्या उरल्या अर्ध्या तुकड्यातून वाचलेल्या झाडांचं बी ओढ्याकाठी पडलं. ओळ ओळ वेगळी, प्रत्येक ओळीला खुंटी. त्या हिवाळ्यात बहुतेक ओळी गेल्या. ज्या झाडांवर सत्यशीलाचा जीव जडला होता, तीच आधी वाळली. मालनबाईच्या जावा बांधावरून हसत. "बाई, तुमच्या हाताला काय बरकत न्हाई," असंही एक जण म्हणाली. सत्यशीला हसण्यावारी नेई आणि परतीच्या वाटेवर स्वतःशीच भांडत जाई.

दुसऱ्या वर्षी तीन ओळी उरल्या. त्यातल्याही दोन शेंगा भरता भरता बसल्या. एक ओळ मात्र शेवटपर्यंत उभी राहिली, अंगभर शेंगांनी लगडलेली. आजूबाजूला सगळ्या काड्या, आणि मधे ती एकटी. सत्यशीला त्या ओळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली, परत गेली. मालनबाई बांधावर उभी राहून बघत होती. "आता बसा की घडीभर," ती ओरडली. सत्यशीलाला बसता येईना.

ठरल्याप्रमाणे पहिलं बी मालनबाईला मिळालं; पेरणीपुरतं ठेवून उरलेल्या दाण्यांची तिनं डाळ केली. पंधरवड्यानं सत्यशीला मोठ्या उत्साहात गेली. मालनबाईनं तोंड वाकडं केलं.

"रोगाला भारी हाय तुमची तूर. पण डाळ शिजत न्हाई."

"शिजत नाही म्हणजे?"

"म्हंजे शिजतच न्हाई! दोन येळा आधण वतलं. दाणा दाणा येगळा राह्यतो. सरपण गेलं माझं. पोरांनी ताटात तशीच ठिवली."

सत्यशीला खाली बसली. इतक्या वर्षांत तिनं मुळं पाहिली, खोडं पाहिली, शेंगा मोजल्या. डाळ शिजते का, हे तिनं पाहिलंच नव्हतं. तिला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली. म्हणजे आता संकर, पुन्हा पेरणी, पुन्हा मरण. मऊ शिजणारी गावरान तूर एकीकडून, ही दगडासारखी दुसरीकडून. पुन्हा चार वर्षं. पाचही.

"तुमची गावरान डाळ आहे का घरात?" तिनं विचारलं.

"हाय की."

"दोन चुली पेटवा. एकीवर ही, एकीवर ती. पाणी सारखंच घाला, जाळही सारखा ठेवा. फरक किती पडतो ते बघू."

"आत्ता? तुमची गाडी जाईल वो."

"जाऊ द्या."

परसातल्या चुली पेटल्या. मालनबाई कुरकुरत फुंकणी घेऊन बसली. जरा वेळानं सत्यशीलानं पळीनं दोन्हीकडचे दाणे काढले, गार व्हायची वाट न बघता बोटांत दाबले आणि चटका बसून हात झटकला. गावरान डाळ दबत होती. नव्या ओळीची अजून टणक.

"अजून एक कढ येऊ द्या," ती म्हणाली, आणि लाकूड आत सरकवलं.