भिकन पाटलाचा जिना आणि आखाजीचा झोका

भिकन पाटलाच्या घराला वरचा मजला होता, पण वर जायला जिना नव्हता. जिन्याच्या जागी स्लॅबमध्ये एक लांबट चौकोनी भोक होतं आणि त्याच्या कडेनं सळया बाहेर डोकावत होत्या. या सळयांना आम्ही डॉवेल म्हणतो. पुढं पायऱ्या आल्या की त्या यांना बांधायच्या असतात. खाली बांबूची शिडी टेकवलेली होती.

सिंधूबाईंनी, म्हणजे भिकनच्या बायकोनं, माझा नकाशा दोन्ही हातांत धरला आणि त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्हना कागदवर तं जिना शे."

मी सुरतेत एका इंजिनिअरच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. साहेब सांगतील तसे नकाशे काढायचे, एवढंच माझं काम. भिकन पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवायचा. आम्ही दोघंही खानदेशचे, म्हणून सुरतेच्या कडेला कोसाडमधल्या त्याच्या घराचा नकाशा मी काढला. भिकनला जाऊन आता सात महिने झाले. त्याच्याविषयी काही लिहायचं ठरवलं की आधी जिनाच आठवतो.

घर नथ्थू कॉन्ट्रॅक्टर बांधत होता. तोही आमच्याकडचाच आणि भिकनच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहणारा. स्लॅब ओतून झाला, तो पक्का व्हायचे दिवस भरले, नथ्थूनं खालचे टेकू काढले आणि टेकूंबरोबर तोही गेला. त्याला सुरतेबाहेर सचिन गावच्या कारखान्यांच्या वसाहतीत लूमच्या शेडचं मोठं काम मिळालं होतं. मोठ्या कामापुढं सोळा पायऱ्या म्हणजे काय?

भिकनला आखाजीची घाई होती. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखाजी म्हणतात. लग्न झालेल्या मुली या सणाला माहेरी येतात. भिकनच्या मंगलची ही पहिलीच आखाजी होती आणि तिला सहावा महिना लागला होता. खालच्या एका खोलीत चूल, भिकनची म्हातारी आई आणि दोन मुलगे. मंगलसाठी वरची खोली. तिच्या सासऱ्यांनी निरोप धाडला होता : शिडी असेल तर सून पाठवणार नाही.

"बरोबरच शे त्यांचं," भिकन म्हणाला. "माझीच पोर असती तर मीही नसती धाडली."

"तुझीच आहे," मी म्हणालो.

"तेच तर."

मी साहेबांकडं गेलो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भाई, आपणुं काम नकशो. दादरो कोन्ट्राक्टरनो प्रश्न छे." दादरो म्हणजे जिना. म्हणजे जिना काढणारे आम्ही, पण जिना आमचा नाही. मग मला जे बरं जमतं ते मी केलं. नथ्थूला पत्र लिहिलं. तीन पानी, कलमवार, शुद्ध मराठीत, रजिस्टर पोस्टानं. 'आपणांस नम्रपणे स्मरण करून देण्यात येते की' अशी सुरुवात होती. आठ दिवस काहीच घडलं नाही. मग मी सचिनला गेलो.

नथ्थू खडीच्या ढिगावर बसून चहा पीत होता. मला पाहून उठला.

"या भाऊ. तुमची चिठ्ठी भेटली. किराणावाल्याकडून दोनदा वाचून घेतली. काय लिहिलंय! आमच्या गावच्या शाळेत असा मास्तर पाहिजे होता."

"जिन्याचं काय?"

"करतो ना. जिना काय पळून जातोय?"

"नथ्थू, पळालास तू."

"मी कुठं पळालो? तुम्हाला सापडलो ना? घ्या, चहा घ्या."

मी चहा प्यालो आणि परत आलो. चहा चांगला होता.

आखाजीला पंधरा दिवस उरले होते. त्या सुमारास आमच्या बायका झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. देवीची गाणी संपली की दुसरी सुरू होतात. त्यांत शेजारणीला, विहिणीला, पलीकडच्या आळीला नाव घेऊन शिव्या असतात. त्या दिवसांत त्याचा राग धरायचा नसतो. आमच्या गावी झोका झाडाला असे. कोसाडच्या त्या गल्लीत झाड नव्हतं.

सिंधूबाईंनी मला निरोप पाठवून बोलावलं. जिन्याच्या भोकाच्या कडेला एक बीम होता. त्याकडं बोट करून त्या म्हणाल्या, "ह्या बीमले झोका बांधू का? तुटी तं नही?"

घराचं स्वतःचं वजन म्हणजे डेड लोड. हलतं, येतं-जातं वजन म्हणजे लाइव्ह लोड. मी ऑफिसात कागद घेऊन बसलो. साहेबांनी विचारलं, काय मोजतोस? मी म्हणालो, "बायका." त्यांनी पुढं विचारलं नाही. बीम दणकट होता. नथ्थूचं तेवढं काम चोख होतं. मी सांगितलं, एका वेळी दोघींनीच बसायचं. या साऱ्या प्रकरणात माझं ऐकलं गेलं ते एवढंच.

दोर भोकातून वर घेऊन बीमला टाकला. गल्लीतल्या बायका जमल्या. सिंधूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी गाणं रचलं :

नथ्थूनी बांधी माडी वं माय, नथ्थूनी बांधी माडी,
चढाले नही पायरी वं माय, उतराले बांबूनी शिडी.

पुढची कडवी नथ्थूच्या मिशीवर आणि त्याच्या स्कूटरवर होती. काही मी इथं लिहू शकत नाही. दुसऱ्या दिवशी नथ्थूची आई झोक्यावर येऊन बसली आणि सगळ्यांत मोठ्यानं तिनंच म्हटलं. कुणीतरी तिला टोकलं. ती म्हणाली, "मना पोऱ्या शे, पन गानं चांगलं शे."

तिसऱ्या दिवशी गाणं शेजारच्या गल्लीत गेलं. तिथं दोन घरं बांधायची ठरत होती आणि दोन्ही नथ्थूच बांधणार होता. चौथ्या दिवशी पोरं त्याच्या स्कूटरमागं 'माडी माडी' करत पळू लागली. त्या संध्याकाळी नथ्थू दोन गवंडी आणि फळ्या घेऊन आला.

"वहिनी, झोका सोडा," तो म्हणाला.

"पहिले पायरी," सिंधूबाई म्हणाल्या.

शेवटी झोका भोकाच्या एका टोकाला सरकवला आणि दुसऱ्या टोकाकडून काम सुरू झालं. काम चालू असताना गाणंही चालूच होतं. दोन दिवसांनी काँक्रीट पडलं. आखाजीला मंगल आली तेव्हा जिन्याखाली टेकू होतेच, पण ती पायऱ्या चढून वर गेली. भिकन तिच्या मागं दोन्ही हात पसरून चालला होता, जणू पडली तर तो झेलणार होता.

आता माझ्या चुकीची गोष्ट. पायरीच्या उभ्या उंचीला रायझर म्हणतात. सगळे रायझर सारखे हवेत, कारण दोन पायऱ्यांनंतर पाय डोळ्यांना विचारत नाही. मी सोळा पायऱ्या काढल्या होत्या, सात-सात इंचांच्या. पण मोजताना उंची फक्त स्लॅबपर्यंत धरली. पावसाळ्यानंतर वरच्या खोलीत कोबा आणि लादी बसली आणि शेवटची पायरी नऊ इंचांची झाली. नथ्थूनं माझ्या कागदाप्रमाणे बरोबर केलं होतं. त्यानं ते गल्लीत सगळ्यांना सांगितलं, नकाशा दाखवून. भिकन मला म्हणायचा, "नथ्थूचं गाणं झालं. तुमचं बाकी शे."

पायरी त्यानं कधी दुरुस्त करू दिली नाही. पाहुणे अडखळले की त्याला बरं वाटायचं.

या आखाजीला भिकनच्या नावाची घागर भरली. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी पाण्यानं भरलेली घागर पुजतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. पूजा वरच्या खोलीत होती. मी वर चढत होतो, डोक्यात त्याचेच विचार, आणि शेवटच्या पायरीला ठेचकाळून थेट घागरीसमोर गुडघ्यांवर आलो.

सिंधूबाईंनी पदर डोळ्यांवरून काढला. "तुम्ही आजना सातवे," त्या म्हणाल्या. "त्यास्नी हौस फिटनी."

जिन्याची उंची वरच्या तयार फरशीपर्यंत मोजावी.