फादर बर्नार्डांचा उजवा गुडघा

मिशनच्या शाळेत माझ्याकडं खेळाच्या सामानाची खोली आहे. फाटके फुटबॉल, मोडके स्टंप, हवा गेलेल्या ट्यूबा. कामाचं काही नाही, पण टाकवत नाही. आमच्या मिशनमधल्या किश्श्यांचंही तसंच झालंय. दरवर्षी नवे येऊन पडतात, जुने कुणी उचलत नाही. यंदा तर एकट्या फादर बर्नार्डांच्या उजव्या गुडघ्यानं निम्मी खोली भरली!

मी साळवे. पीटीचा मास्तर आणि त्याच चर्चचा माणूस. त्यामुळं कुणाला वाटायचं की हा बाहेरचा येऊन आम्हाला हसतोय, तर तसं नाही. मी आतला आहे, आणि आतूनच हसतोय.

* * *

आमचं मिशन सास्तूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. फादर मूळचे वसईकडचे, पण इथं इतकी वर्षं काढली की आता त्यांना मासळीपेक्षा ज्वारीची भाकरी जास्त आठवते. त्यांची एक सवय. रस्त्यात कुठंही क्रूस दिसला की ते छातीवर क्रूसाची खूण करणार. चालत असोत, जीपमध्ये असोत नाहीतर मोटारसायकलवर.

आमच्या वळणावर एक सिमेंटचा क्रूस आहे. त्या दिवशी फादर लोहाऱ्याहून येत होते. क्रूस दिसला. उजवा हात हँडलवरून निघाला, कपाळाकडं गेला. नेमकी त्याच वेळी दत्तू भोसल्याची म्हैस रस्त्यात येऊन उभी राहिली. पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. तो हात तेव्हा डाव्या खांद्यापर्यंत पोचला होता.

गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झाले. म्हशीला ओरखडासुद्धा नाही.

आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर, सिस्टर रोझलिन, धावत आल्या. फादर रस्त्यावर आडवे, आणि सिस्टर हात जोडून म्हणतात, "फादर, तिथे क्रूस होता म्हणून तुम्ही वाचलात!"

फादर कण्हत म्हणाले, "सिस्टर, तिथं क्रूस नसता तर मी ब्रेक दाबला असता!"

* * *

धाराशिवला ऑपरेशन झालं. डॉक्टर स्पष्ट बोलणारे. वाटीला तार घातली आणि आम्हाला बाहेर बोलावून म्हणाले, "टाके सुकले की रोज गुडघा वाकवायचा. दुखेल, ओरडतील, तरी वाकवायचा. नाही वाकवला तर पाय काठीसारखा ताठ राहील."

सिस्टर म्हणाल्या, "आम्ही रात्रंदिवस प्रार्थना करू, डॉक्टर."

"करा की. पण वाकवणार कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पीटीचा मास्तर! आजवर पोरांना उठाबशा काढायला लावल्या, आता फादरांना.

त्यातच फादरांच्या धर्मसंघाच्या वरिष्ठांचा, म्हणजे प्रोव्हिन्शियल फादरांचा फोन आला. बोलणं गोड, मतलब कडू. वेदीच्या तीन पायऱ्या स्वतः चढून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करता आली तर फादर इथंच राहतील. नाही तर त्यांना म्हाताऱ्या फादरांच्या आश्रमात नेणार आणि इथं नवा माणूस पाठवणार. ते स्वतः येऊन बघणार होते.

फोन ठेवल्यावर फादर म्हणाले, "साळवे, मी तो आश्रम बघितलाय. तिथं सगळे फादर एकमेकांना प्रवचनं देतात. ऐकणारा कुणी नाही."

मी हसलो. ते हसले नाहीत. या माणसानं माझं लग्न लावलं, माझ्या बापाला माती दिली. तो गावातून असा उचलून न्यायचा?

* * *

पण गुडघा वाकवायला खोलीत शिरायला तरी मिळायला हवं! सिस्टर रोझलिननी प्रार्थनेची ड्युटीच लावली होती. सकाळी सिस्टर, मग महिला मंडळ, दुपारी शाळेचा स्टाफ, संध्याकाळी गिटारवाले तरुण, मग सगळ्यांची जपमाळ. फादरांचा डोळा लागला की कुणीतरी येऊन त्यांच्या विश्रांतीसाठी गाणं म्हणायचं.

मी सिस्टरांना म्हणालो, "मला अर्धा तास द्या."

"सर, सगळे भरले आहे. संध्याकाळी जपमाळ असते, त्यात सामील व्हा."

झालो सामील! लोक भिंतीकडेला बसून जपमाळ म्हणायचे आणि मी पलंगाच्या पायथ्याशी. जपमाळेतल्या एका 'नमो मरिये' प्रार्थनेला एक वाक. जपमाळ लांबलचक असते हे लहानपणापासून माहीत होतं, तिचा असा उपयोग त्या दिवशी कळला. प्रत्येक वेळी फादर कळवळून मोठ्यानं प्रार्थना म्हणायचे. डोळ्यांतून पाणी.

बाहेर आल्यावर महिला मंडळाच्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. "काय ती भक्ती! आज फादरांचा आवाज लई भरून आला!"

* * *

नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. एक दिवस मोडला की पुन्हा पहिल्यापासून. फादरांच्या पायासाठी संत अंतोनीची नोव्हेना सुरू झाली आणि सातव्या दिवशी डॉक्टर येऊन म्हणाले, "मस्त! आज उभे करा."

मी फादरांच्या काखेत हात घातला. सिस्टर आडव्या आल्या.

"आज नाही, सर. परवा."

"परवा का?"

"परवा नोव्हेना पूर्ण होते. सातव्या दिवशी उभे राहिले तर उरलेले दोन दिवस आम्ही कशासाठी मागायचे?"

डॉक्टर माझ्याकडं, मी फादरांकडं. फादरांनी पाय हळूच पुन्हा पलंगावर घेतला. म्हणाले, "राहू द्या, साळवे. संत अंतोनीला मी घाई केली असं नको व्हायला."

नवव्या दिवशी माणसं जमवून, हार घालून त्यांना उभं केलं. दोन दिवस पाय हलला नव्हता, त्यामुळं उभे राहताच ते माझ्या अंगावर कोसळले. त्यावर महिला मंडळाचं मत पडलं, की अजून एक नोव्हेना लागेल!

त्या दिवशी मी खरंच भडकलो. माणूस हवा असेल तर त्याला आधी चालू द्यावं, एवढी साधी गोष्ट. पण आमच्याकडं देवाला सांगणारे शंभर आणि पाय धरणारा एक. आणि शंभरांना वाटायचं की साळवे भक्तीत अडथळा आणतोय.

* * *

मग व्हॉट्सॲप. सिस्टरांनी ग्रुपवर टाकलं, "फादर बर्नार्ड यांच्यासाठी प्रार्थना करा." ते कुठं कुठं फिरलं. कुणी पुढं जोडलेल्या हातांची चिन्हं टाकली, कुणी मेणबत्तीची, कुणी फुलांची. कोकणातल्या कुठल्याशा चर्चपर्यंत पोचेतो मेणबत्त्या आणि फुलंच जास्त झाली. तिथल्या लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. फादरांच्या आत्म्याला विश्रांती मिळो म्हणून मिस्साच करून टाकली! फोटो पाठवला. वेदीवर फादरांचा तरुणपणीचा फोटो, त्याला हार.

आम्ही घाबरत घाबरत फोटो फादरांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाले, "माझ्यासाठी विश्रांती मागणारे हे पहिलेच!"

* * *

दत्तू भोसले रोज दुधाची किटली घेऊन यायचा. म्हैस त्याची, त्यामुळं मनाला लागलेलं. ज्या म्हशीनं पाडलं तिच्याच दुधावर फादरांची हाडं जुळत होती. पैसे काढले की दत्तू कानाला हात लावायचा.

एक दिवस सिस्टरांना कुणकुण लागली, की दत्तूनं तुळजापूरला आईला नवस बोललाय. फादर चालले की दंडवत घालीन म्हणून. सिस्टर अस्वस्थ झाल्या. उद्या फादर चालले तर श्रेय कुणाचं?

त्यांनी दत्तूला गाठलं. "दत्तूभाऊ, इथे आमची प्रार्थना चालू आहे. तुम्ही वेगळे काही करू नका."

दत्तू बिचारा शांतपणे म्हणाला, "सिस्टर, फादर तुमचे हायती, तुमी तुमच्या देवाला सांगा. पर म्हस माझी हाय. तिचा गुन्हा म्या माझ्या आईपुढंच कबूल करनार!"

फादर पलंगावरून ओरडले, "दत्तू, माझ्या वतीनं पण नारळ फोड रे!" दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची वेळ अर्ध्या तासानं वाढली.

* * *

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं 'प्रार्थना करू या' हे शब्द कानावर पडले की डोळे आपोआप मिटतात. कुठंही. माझी बायको फोनवर ऐकलं तरी डोळे मिटते. कॉन्व्हेंटच्या मांजरालासुद्धा हे माहीत आहे. शुक्रवारी ताटात मासळी असली की ते दाराबाहेर शांत बसतं. सिस्टर म्हणतात, "प्रार्थना करू या." सगळ्या डोळे मिटतात आणि मांजर आत येतं. 'आमेन' म्हणेपर्यंत सिस्टर रोझलिन यांच्या ताटात नुसता भात! मांजर कधी चुकलेलं नाही.

अख्ख्या गावात एकच अपवाद, शांताबाई. वय झालेलं, चर्चमध्ये कायम दाराजवळ बसणार. एकदा मिस्साच्या वेळी त्यांच्या नव्या चपला बाहेरून गेल्या. तेव्हापासून त्या प्रार्थना करतात, पण एकाच डोळ्यानं. दुसरा उघडा. एकदा फादरांनी हटकलं, तर म्हणाल्या, "फादर, एक डोळा देवाला दिलाय की! दुसरा चपलांला लागतो."

* * *

प्रोव्हिन्शियल फादर आले तो रविवार. चर्च गच्च भरलेलं. दत्तूसुद्धा दूध घेऊन आला तो घरी न जाता वेदीच्या बाजूच्या दारात, माझ्याशेजारी किटली धरून उभा. प्रोव्हिन्शियल पहिल्या रांगेत बसले होते. चेहरा परीक्षकाचा.

फादर काठी टेकत आले. पहिली पायरी. दुसरी. दत्तू पुटपुटला, "आई, आई, आई." तिसरी! चढले! कुणाचा हात नाही, कुणाचा आधार नाही.

आणि तिथंच घात झाला. वेदीपुढं पोचलं की फादर लोक उजवा गुडघा टेकून वंदन करतात. आयुष्यभराची सवय. मोटारसायकलवर जसा हात आपोआप उठला होता, तसा आता गुडघा आपोआप वाकला. खाली गेला. आणि खालीच राहिला!

एका क्षणात मला कळलं. वाकवायला मी शिकवलं होतं, वाकल्यावर उठायला शिकवायचं राहून गेलं होतं. फादरांची काठी बाजूला पडलेली. वेदीची कड दोन्ही हातांनी धरलेली, कान लाल झालेले.

पण खाली वेगळंच चाललेलं. प्रोव्हिन्शियल उठून उभे राहिले आणि गहिवरून म्हणाले, "ज्या गुडघ्यासाठी तुम्ही देवाचं दार ठोठावलं, तोच गुडघा आज देवापुढं टेकलाय!" आणि त्यांनी स्वतः गुडघे टेकले. त्यांच्या मागोमाग सगळं चर्च. सिस्टर रोझलिन तर हुंदके देत होत्या. गिटारवाल्यांनी गाणं धरलं. ते संपलं, दुसरं धरलं. फादर तसेच.

मी पुढं जाऊन उचललं असतं तर सगळ्यांदेखत परीक्षा नापास. नाही उचललं तर फादर किती वेळ टिकणार? त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. नंतर दत्तूकडं बघितलं. मग घसा खाकरला आणि मिस्सामध्ये लावतात तो खणखणीत आवाज लावला.

"प्रार्थना करू या!"

सगळ्या चर्चचे डोळे मिटले. प्रोव्हिन्शियलचेही. मी आणि दत्तू अनवाणी पळालो; माझे पीटीचे बूट दाराबाहेर, त्याची किटली हातातच. एका काखेत मी, एका काखेत तो. उचललं, उभं केलं, काठी हातात दिली आणि परत दारात. फादर तोवर पाऊस, पीकपाणी, सरपंच, सगळ्यांसाठी प्रार्थना मागत होते. मग म्हणाले, "आमेन."

डोळे उघडले. फादर वेदीपुढं ताठ उभे. प्रोव्हिन्शियलच्या डोळ्यांत पाणी.

मिस्सानंतर कॉन्व्हेंटमध्ये चहा झाला. प्रोव्हिन्शियल सगळ्यांसमोर म्हणाले, "फादर बर्नार्ड इथंच राहतील. तुमच्या प्रार्थनेची ताकद मी आज पाहिली." सिस्टर रोझलिननी माझ्याकडं असं बघितलं, की बघा, म्हणत होते ना! मी बिस्किट खाल्लं. दत्तू दारात उभा होता.

मग प्रोव्हिन्शियल शांताबाईंकडं वळले. "आजी, तुम्ही काय मागितलं देवाकडं?"

शांताबाईंनी बशीतला चहा सावकाश संपवला. पदरानं तोंड पुसलं.

"मागायचं काय, फादर? म्या तर बघितलं की. दोन देवदूत आले आन् फादरला काखंत धरून उभं केलं."

सिस्टर रोझलिननी क्रूसाची खूण केली. प्रोव्हिन्शियल पुढं वाकले. "खरंच पाहिलं, आजी? कसे होते?"

"एक पीटीच्या बुटाबिगर व्हता," शांताबाई म्हणाल्या, "आन् दुसऱ्याच्या हातात दुधाची किटली व्हती."