पॅशलीच्या पोराने बसवलेला थर्मोस्टॅट

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने आयुष्यात सगळे प्रश्न मुठीने सोडवले. नेव्हिल ओल्डरॉइड. टीव्ही बंद पडला, घाल ठोसा. गाडी सुरू होईना, घाल लाथ. माझ्या बहिणीवर, ग्लेनिसवर, मात्र त्याने कधी हात उगारला नाही, एवढं मी देवाशप्पथ सांगते. बाकी कुणाला सोडलं असेल तर विचारा. चौऱ्याऐंशीच्या खाणकामगारांच्या संपात पोलिसांच्या दंडुक्याने त्याचा डावा कान कायमचा गेला, पण त्याआधी त्याने त्या पोलिसाला घोड्यावरून खाली खेचलं होतं. खाणीच्या क्लबात ही गोष्ट अजून सांगतात. सांगतो बहुतेक वेळा तोच.

तर यंदाच्या जानेवारीत त्यांच्या जिन्याजवळचा थर्मोस्टॅट बिघडला. घरात ऊब किती आणि किती वाजता हवी, हे त्या डबीत भरून ठेवायचं, मग ती बॉयलरला चालू-बंद करते. डबी सोळा अंशांच्या वर जाईना. बाहेर नळ गोठलेले. नेव्हने काय करावं? घातला ठोसा! डबीचे तुकडे गालिच्यावर, आणि त्याच्या बोटांतून रक्त.

मी म्हटलं, "शाबास! आता गरम झालं का?"

"तू गप बस," तो म्हणाला. "नवा आणतो."

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ग्लेनिसच्या बोटांना थंडी चालत नाही. आधी पांढरी होतात, मग निळी. गेल्या हिवाळ्यात करंगळीचं टोक सडलं आणि डॉक्टरांनी ते कापून टाकलं. घर गार ठेवलंत तर पुढच्या वेळी अख्खी बोटं जातील, असं त्यांनी नेव्हच्या तोंडावर बजावलं होतं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या गाडीतळावर नेव्हने एका खांबाला इतके ठोसे मारले की मी त्याला कॉलर धरून ओढला.

बार्न्सली शहरातल्या दुकानात त्याच्याबरोबर मीही गेले होते. दुकानातली मुलगी बिचारी गोड होती. तिने एक थर्मोस्टॅट दाखवला, फोनवरून चालणारा. नेव्ह उसळला, "म्हणजे माझ्या बायकोचे पाय गरम आहेत की गार, हे त्या कंपनीला कळणार?" दुसऱ्यात दिवसाच्या सहा वेगवेगळ्या वेळा भरता येत होत्या, त्याची बटणं तांदळाएवढी. तिसरा सगळ्यांत जाडजूड होता. "हा दणकट आहे," म्हणून नेव्हने तोच उचलला. तो तुमच्या वायरिंगला चालेल का, असं ती मुलगी विचारत होती. नेव्हने तिच्याकडे बहिरा कान केला.

घरी येऊन त्याने स्वतःच तारा ओढल्या आणि बसवला. धाडकन आवाज झाला. नेव्ह जिन्याच्या पायरीवर जाऊन आपटला, भिंतीवर काळा डाग पडला आणि बॉयलर साफ मेला. पुढचे दोन दिवस ग्लेनिस कोट घालून, हात काखेत दाबून बसून होती. नेव्ह विजेचा छोटा हीटर तिच्या पायांशी घेऊन बसायचा, पण त्या हीटरने खोलीतला एक कोपरासुद्धा तापत नव्हता.

मी सगळीकडे फोन केले. कडाक्याच्या थंडीत प्रत्येक कारागिराकडे रांग. पुढच्या आठवड्यात येतो, त्याच्या पुढच्या आठवड्यात येतो. मोकळा होता फक्त क्रेग पॅशली. मोकळा होता, कारण गावात त्याला कुणी बोलावतच नव्हतं.

त्याचा बाप लेन पॅशली संप मोडून खाणीत आत, कामावर गेला होता. संप संपत आला होता त्या हिवाळ्यात, गेटवर उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोरून. नेव्हने तिथेच त्याचा जबडा फोडला. मग पॅशली मंडळी डॉनकॅस्टरला गेली. चाळीसएक वर्षांनी पोरगा बायकोच्या माहेरच्या घरात राहायला परत आला, तरी दुकानात त्याच्यासमोर लोक पाठ फिरवायचे. मीसुद्धा फिरवायचे. खोटं कशाला बोलू?

नेव्ह कुत्रा फिरवायला गेल्यावर मी क्रेगला बोलावलं. त्याने तीन डब्या स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवल्या आणि ग्लेनिसला म्हणाला, "मावशी, फिरवून बघा. जो बोटांना जमेल तोच घ्या."

पहिल्याची बटणं तिला जाणवेनात. दुसऱ्याची काच तिच्या थंड बोटांना दादच देईना. तिसऱ्याला मोठी गोल चकती होती, आकडेही चांगले ठसठशीत. तिने ती मनगटाने फिरवली आणि हसली. "हाच!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

नेव्हने आधी क्रेगला पाहिलं, मग क्रेगच्या शर्टावरचं नाव वाचलं. कुत्र्याचा पट्टा टाकला, पोराची मान धरली आणि त्याला फ्रिजवर आदळलं. मग तोंडावर एक ठोसा. रक्ताच्या चिळकांड्या पांढऱ्या फ्रिजवर उडाल्या. सत्तरी उलटलेला माणूस, पण ठोसा अजून खाणीतलाच होता. मी किंचाळले. क्रेग टेबलाला धरून उठला आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"एक ठोसा खाल्ला, काका," तो म्हणाला. "दुसरा मारलात, तर हा पोटात जाईल."

नेव्ह त्याच्याशी बोलेना. संपफोड्याशी बोलत नाहीत, त्याच्या पोराशीही नाही. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "त्याला सांग, चालता हो माझ्या घरातून."

"तूच सांग ना मेल्या, तोंड नाहीये का तुला?" मी म्हटलं.

ग्लेनिस उठली. तिने आपले दोन्ही हात नेव्हच्या नाकासमोर धरले. बोटं निळी पडली होती, आणि एका करंगळीला टोकच नव्हतं.

"लेन संप मोडून कामावर का गेला होता रे?" तिने विचारलं. "हा पोरगा पाळण्यात निळा पडला होता म्हणून. घरात कोळशाचा खडा नव्हता. साऱ्या गावाला माहीत होतं, तुलाही. तू त्याचा जबडा फोडलास. आता मी निळी पडतेय. बोल, आता कुणाचा जबडा फोडतोस?"

नेव्हची मूठ वरच होती. ती कुठे मारायची ते त्याला कळेना. शेवटी तो बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला.

क्रेगने तोंडाला फडकं बांधून काम केलं. बॉयलरचा फ्यूज बदलला, काळ्या डागावर नवी पट्टी ठोकली, चकती बसवली. मग वेळा भरायची वेळ आली.

"सकाळी किती वाजता उठता?"

"त्याला सांग, पाचला," नेव्ह मला म्हणाला.

"पाचला कशाला?" क्रेग म्हणाला. "खाण बंद होऊन जमाना झाला."

नेव्ह पायरीवरून उठला. मग सरळ पोराकडे बघून म्हणाला, "पाचला मी तिला चहा देतो. त्याआधी गरम पाहिजे."

"साडेचारला लावतो," क्रेग म्हणाला. पैसे घेऊन तो गेला. ओठ त्याचा एवढा सुजला होता.

संध्याकाळपर्यंत ग्लेनिसने कोट काढला. मी सारण भरून गरमागरम मीट-पाय भाजला होता, वर भरपूर ग्रेव्ही. तिने काटा स्वतःच्या हाताने धरला, आणि मला रडूच आलं.

पण क्रेगची व्हॅन दारात उभी होती, आणि तिच्यावर पॅशली हे नाव केवढ्या मोठ्या अक्षरांत! दुसऱ्या दिवशी दुपारी पुढच्या खिडकीतून वीट आली. काच ग्लेनिसच्या मांडीवर सांडली. बाहेर डग होता, नेव्हचा जिवाभावाचा दोस्त. संपात दोघांना एकाच बेडीत नेलं होतं.

"पॅशलीला घरात घेतलंस?" डग ओरडला. "संपफोड्या!"

नेव्ह दारात गेला. मला वाटलं, आता डगचा मुडदा पडणार. नेव्हने मूठ आवळली आणि खाली सोडून दिली. डगने त्याला मारलं, एकदा, दोनदा. दात पायरीवर पडला. नेव्ह नुसता उभा! मग मीच तवा घेऊन धावले आणि डगच्या पाठीत असा हाणला की तो कुंपणापर्यंत गेला. तोंडाला येईल ते बोलले त्याला, लाज नाही वाटत.

आत खिडकीच्या भोकातून वारा शिरत होता, आणि बॉयलर बिचारा घरघरत होता. नेव्हने पलंगावरची गादी ओढून आणली आणि भोकाला दाबून धरली.

"त्या पोराला फोन कर," तो म्हणाला. तोंडातून रक्त गळत होतं.

"अरे, तो काचेचं काम नाही करत."

"काचेसाठी नाही. त्याला विचार, लेनला मी भेटायला गेलो तर चालेल का."

मी फोन लावला, विचारलं.  क्रेग म्हणाला, "बाबा मागच्या हिवाळ्यात गेले, मावशी. जबडा शेवटपर्यंत नीट मिटत नव्हता. पेज भरवायचो आम्ही."

नेव्हच्या चांगल्या कानाशी जाऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. कमी करून सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं कमी करून.  ग्लेनिस उठली आणि त्याच्या शेजारी उभी राहून गादीला आपलेही हात लावू लागली. त्याने तिचे हात बाजूला केले. "तू तिकडे बस, गरम आहे तिथे," म्हणाला, आणि एकटाच अंधार पडेपर्यंत गादी धरून उभा राहिला.